अक्का, लायब्ररीतून एखांदं पुस्तक आण की!

दिवाळीला गावी निघालात? बॅगेत धुवायचे कपडे आणि फराळासाठी रिकामे डबे असणारच. त्यातच दोन पुस्तकंही सहज बसतात. घरी धाकटं भावंडं असेल तर कोणती न्यायची?

लातूरच्या ट्यूशन एरियात कुणी ‘लायब्ररीत चाललेय’ म्हटलं की त्याचा अर्थ आपल्याला कळतो. लायब्ररी म्हणजे अभ्यासिका. एक टेबल, एक खुर्ची, चार्जिंगचा पॉइंट, नशीब असेल तर एसी, आणि दर महिन्याला फी. नांदेडला श्यामनगर, भाग्यनगरकडे गेलात तरी तेच. आत पोरंपोरी माना खाली घालून वाचत बसलेली, पण लायब्ररीचं स्वतःचं असं पुस्तक एकही नाही. जो तो आपापल्या नोट्स आणतो आणि रात्री घेऊन जातो. मी नांदेडला बीए केलं, आता लातुरात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतेय. अशा तीन ‘लायब्ऱ्या’ बदलून झाल्या. यात काही विचित्र आहे असं कधी वाटलंच नाही.

ते वाटलं यंदाच्या दसऱ्याला. आमचं गाव उदगीर तालुक्यातलं. यंदाच्या पावसानं मराठवाड्याचं काय केलं ते वेगळं सांगायला नको, तुमच्यापैकी निम्म्यांनी ते घरच्या फोनवर ऐकलंय. आमच्या काकांच्या घरात ऑगस्टमध्येच गुडघाभर पाणी शिरलं होतं. ज्वारी भिजली, गाद्या गेल्या आणि चुलतभावाचं दप्तरही गेलं. पोरगा सातवीत आहे. पाठ्यपुस्तकं नंतर इकडून तिकडून जमली. पण दप्तरात एक पान फाटलेलं गोष्टीचं पुस्तक होतं, ते काही परत आलं नाही. दसऱ्याला आपट्याची पानं हातात ठेवत तो म्हणाला, “अक्का, तू रोज लायब्ररीत जातीस म्हणं. मग तिथून मला एखांदं गोष्टीचं पुस्तक आण की.”

“तिथं पुस्तकं नसतात रे,” मी म्हणाले.

तो बघतच राहिला. “मग काय करलालीस तिथं?”

माझ्याकडं उत्तर नव्हतं.

याच पोराला मी एकदा पुस्तक घेऊन दिलं होतं. एप्रिल 2022 मध्ये उदगीरला 95वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. मी नुकतीच बारावी दिली होती, हा तिसरीत. जीप करून आम्ही सगळे गेलो. मांडवात भाषणं, बाहेर पुस्तकांचे स्टॉल. ‘मोठ्या बहिणीनं द्यायचं पुस्तक’ म्हणून मी त्याला थोर पुरुषांच्या चरित्रांचं एक जाडजूड पुस्तक घेतलं. वर्षभरानं विचारलं, वाचलंस का? तर त्याला आतलं काही आठवेना. मागच्या पानावरची किंमत मात्र तोंडपाठ होती, कारण तेवढ्यात किती कुल्फ्या आल्या असत्या याचा हिशेब त्यानं त्याच दिवशी केला होता.

गंमत अशी की त्या संमेलनाचे अध्यक्ष होते भारत सासणे. जालन्यात जन्मलेले, मोठ्यांसाठी दीर्घकथा लिहिणारे म्हणून प्रसिद्ध. आणि याच माणसाला 2024 मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला तो कशासाठी? ‘समशेर आणि भूतबंगला’ या पुस्तकासाठी! म्हणजे संमेलनाचा अध्यक्ष मुलांसाठी भूतबंगल्याची गोष्ट लिहितो, आणि मी त्याच्याच संमेलनात भावाच्या हातात बोधामृत ठेवते. चूक माझी होती. मला स्वतःला काय वाचायला आवडेल, एवढा साधा प्रश्न मी विचारला नव्हता.

‘कितवीची? सेमी का मराठी?’

तर यावेळी नीट शोधायचं ठरवलं. दसऱ्याहून परतल्यावर पुस्तकांच्या दुकानात गेले. “मुलांसाठी नवीन पुस्तकं आहेत का?” दुकानदार काका म्हणाले, “कितवीची? सेमी का मराठी?” मी म्हटलं, गाइड नको, गोष्टीची. मग त्यांनी वरच्या फळीवरून एक गठ्ठा काढला. तेनालीराम, अकबर-बिरबल, इसापनीती, पंचतंत्र. चकचकीत कव्हर, आत शुद्धलेखनाची वाट लागलेली, आणि लेखकाचं नाव कुठंच नाही. दुसऱ्या दुकानातही थोड्याफार फरकानं तेच. दुकानदारांना तरी काय बोलायचं? मागणी गाइडची आहे, गठ्ठेही गाइडचेच लागणार.

मराठीला 3 ऑक्टोबर 2024 ला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवलं होतं. दरवर्षी 15 ऑक्टोबरला, कलामांच्या जयंतीला, वाचन प्रेरणा दिनाचे फोटोही पडतात. आणि 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात तर सरळ लिहिलंय की प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं, सगळ्या विषयांची पुस्तकं आणि गोष्टीची पुस्तकंही हवीत. भावाला विचारलं, तुमच्या शाळेत आहे का? “हाय की. कपाट हाय,” तो म्हणाला. किल्ली कुणाकडं असते ते त्याला माहीत नव्हतं.

नव्या पुस्तकांचा पत्ता लागायला एक सोपी वाट सापडली, ती तुम्हालाही सांगते. साहित्य अकादमी 2010 पासून 24 भाषांमध्ये बालसाहित्य पुरस्कार देते. त्यातली मराठीची नावं फोनवर शोधली की पंधराएक नावांची यादी हातात येते. पुरस्कार मिळाला म्हणजे पुस्तक पोरांना आवडेलच असं नाही. पुरस्कार मोठी माणसं देतात, आणि मोठ्यांच्या निवडीबद्दल माझा अनुभव वर सांगितलाच. पण निदान लेखकाचं नाव असलेलं, नीट छापलेलं पुस्तक मिळतं. यादी उघडली तर सगळ्यात वरचं नाव आपल्याच गावचं निघालं.

नांदेडचं नाव

यंदा जूनमध्ये 2025 चे पुरस्कार जाहीर झाले. मराठीसाठी निवड झाली नांदेडच्या डॉ. सुरेश सावंत यांच्या ‘आभाळमाया’ या बालकवितासंग्रहाची. मी तीन वर्षं नांदेडला राहिले. नरहर कुरुंदकरांचं शहर म्हणून भाषणांत ऐकलं, कविता महाजन यांचा जन्म नांदेडचा हेही कुठंतरी वाचलं होतं. त्यांच्या ‘ब्र’ची चर्चा आमच्या वर्गात झाली, पण त्यांनी मुलांसाठी ‘जोयानाचे रंग’ लिहिलंय हे कुणी सांगितलं नाही. तसंच सावंतांचं. वर्षानुवर्षं आपल्या शहरात बसून एक माणूस पोरांसाठी लिहितोय आणि आपण त्याच शहरातल्या अभ्यासिकेत ‘साहित्य अकादमी पुरस्कार 2025: मराठी’ अशी चालू घडामोडींची ओळ पाठ करतोय. मी खरंच पाठ केली होती. त्यातून एक मार्क येईल, हाच विचार होता. ते पुस्तक आहे आणि ते वाचता येतं, हे डोक्यातच आलं नाही.

कवितांबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगते. ज्या पोराला वाचायला जड जातं, त्याला आधी कविता द्या. आपल्याकडं चौथी-पाचवीतली कितीतरी मुलं अजून अक्षर अक्षर जोडून वाचतात, हे घरोघरी दिसतं. अशा पोराला दोनशे पानी गोष्ट दिली तर ते घाबरतं. कविता एका पानात संपते. अर्थ नाही लागला तरी ताल लागतो. आणि ती मोठ्यानं म्हणता येते, टाळ्या वाजवत म्हणता येते, शेजारची बालवाडीतली पोरगीही त्यात सामील होते. 2023 चा पुरस्कार मिळालेलं एकनाथ आव्हाड यांचं ‘छंद देई आनंद’ हाही कवितांचाच संग्रह आहे. घरात दुसरी-तिसरीतलं कुणी असेल तर या दोन्हींपैकी एक घ्या, आणि पोराच्या हातात देऊन मोकळे होऊ नका. ओट्यावर बसून स्वतः म्हणून दाखवा. लाज वाटेल थोडी. वाटू द्या.

याहून लहानांसाठी माधुरी पुरंदरे आहेतच. ‘यश’, ‘राधाचं घर’ ही त्यांची चित्रपुस्तकं नवीन नाहीत, पण आपल्या गावात पोचलीत कुठं? चित्रंही त्यांचीच. 2014 मध्ये एकूण कामगिरीसाठी त्यांना हाच बालसाहित्य पुरस्कार मिळाला.

धरणात गेलेलं गाव

आता ज्या पुस्तकावर मी सगळ्यात जास्त अडले ते. ल. म. कडू यांचं ‘खारीच्या वाटा’. 2017 चा बालसाहित्य पुरस्कार. धरणामुळं गाव उठणार, आणि त्या गावातला एक मुलगा ते सगळं बघतोय, अशी ही गोष्ट. पुस्तक मला मैत्रिणीकडून मिळालं. एका बैठकीत वाचून काढलं आणि मग प्रश्न पडला, हे त्या पोराला द्यायचं का?

आमची काकू मुखेड तालुक्यातली. ऑगस्टमध्ये त्या भागात काय झालं ते नांदेडकरांना सांगायला नको. ढगफुटीसारखा पाऊस, त्यात लेंडी प्रकल्पाचं पाणी, आणि हसनाळ, रावणगाव या गावांत रात्रीतून पाणी शिरलं. माणसं गेली, जनावरं गेली. सैन्याला बोलवावं लागलं. काकूचं माहेर त्या गावांतलं नाही, पण नातेवाईक आहेत. अशा घरात मी धरणाची गोष्ट घेऊन जाऊ? त्यापेक्षा भूतबंगला बरा, नाही का?

मैत्रीण म्हणाली, “तूच ठरवणार त्यानं काय वाचायचं ते? परत तेच करलालीस.” म्हणून मागच्या रविवारी गावी गेले तेव्हा दोन्ही पुस्तकं नेली. ‘समशेर’ मागवून घेतलं होतं. दोन्ही त्याच्या पुढ्यात ठेवली आणि कशात काय आहे ते दोन वाक्यांत सांगितलं. मला खात्री होती, भूतबंगलाच उचलणार. त्यानं ‘खारीच्या वाटा’ उचललं. संध्याकाळी लाइट गेली होती, तर मोबाइलच्या टॉर्चवर मोठ्यानं वाचत बसला. अडखळत, काही शब्द गाळत. कडूंच्या गोष्टीतलं बोलणं आपल्याकडचं नाही, घाटाकडचं आहे, तरी मध्येच थांबून म्हणाला, “आपल्याकडं झालं तसंच की ओ हे.” आत चुलीपुढं काकू होती. तिनं भाकरी थापायची थांबवली नाही, पण म्हणाली, “मोठ्यानं वाच की रे जरा.”

मी यातून काही सिद्धांत मांडत नाही. दुसरं एखादं पोरगं त्या पुस्तकाला हातही लावणार नाही, आणि तोही त्याचा हक्कच आहे. फ्रान्समध्ये डॅनिएल पेनाक नावाचे शिक्षक-लेखक आहेत. त्यांनी 1992 मध्ये एका पुस्तकात वाचकाचे दहा हक्क सांगितले. त्यातला पहिलाच हक्क, न वाचण्याचा! मग पानं गाळण्याचा, पुस्तक अर्धवट सोडण्याचा, तेच पुस्तक पुन्हा वाचण्याचा, काय वाटेल ते वाचण्याचा. आपल्या घरी बरोबर उलटं चालतं. पुस्तक संपवलंस का? त्यातून काय शिकलास? सारांश सांग बघू. पाहुण्यांसमोर म्हणून दाखव. अरे, पिक्चर बघून आल्यावर कुणी तुम्हाला तात्पर्य विचारतं का?

आठवी ते बारावी: मधली रिकामी फळी

आता थोडं आपल्याबद्दल. लहानांसाठी शोधलं तर सापडतं. मोठ्यांसाठी आहेच. मधल्यांचं काय? इंग्रजीत ‘टीन्स’ असा अख्खा कप्पा असतो. मराठीत पोरगं ‘किशोर’मधून उठतं आणि थेट ‘छावा’, ‘मृत्युंजय’वर जाऊन पडतं. नाहीतर ‘अग्निपंख’ आणि श्रीमंत कसं व्हावं ते शिकवणारी पुस्तकं. कुठल्याही होस्टेलच्या खोलीत बघा, हीच चार-पाच पुस्तकं रूममेट बदलला तरी तिथंच असतात. वाईट नाहीत ती. पण चौदाव्या वर्षी जे होत असतं, म्हणजे कुणीतरी आवडायला लागणं, बापाशी न पटणं, शरीर बदलणं, आपण कोण असं रात्री वाटणं, ते त्यांत कुठं असतं? त्या वयात आपल्याला फाउंडेशन बॅच मिळते.

म्हणून इथं जरा जुन्यातही शोधावं लागतं. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ 2004 ची. त्यावरचा पिक्चर तुम्ही बघितला असेल, आता पुस्तक वाचा. नववीतला मुक्या, वर्गातली शिरोडकर आणि मागं आणीबाणी. प्रकाश नारायण संतांचा लंपन त्याहून जुना, ‘वनवास’पासून सुरू होणाऱ्या चार पुस्तकांतला. तो बेळगावकडचा, त्याच्या मराठीत कानडी मिसळलेली. उदगीर, देगलूर, उमरग्याच्या पोरांना ती भाषा परकी वाटायची नाही. आपल्याकडंही घरात एक, बाजारात दुसरी आणि शाळेत तिसरी भाषा असतेच.

मुलींसाठी वेगळं काही सुचवावं असं मला वाटत नाही, पण संगीता बर्वे यांची ‘पियूची वही’ (2022 चा पुरस्कार) सोबत एक कोरी वही ठेवून भेट द्या, पाचवी-सहावीतल्या कुणालाही. मुलांनाही. वही कुणी उघडून वाचायची नाही, एवढं मात्र घरच्यांकडून कबूल करून घ्या. ते पुस्तक घेण्यापेक्षा अवघड आहे. आणि रानावनात रमणारं पोरगं असेल तर सलीम मुल्ला यांचं ‘जंगल खजिन्याचा शोध’ (2019). लेखक स्वतः वन खात्यात काम करणारे, त्यामुळं जंगल ऐकीव नाही.

अकरावीच्या पुढच्यांसाठी, म्हणजे तुमच्या-माझ्यासाठी, एकच नाव घेते. देविदास सौदागर यांची ‘उसवण’. तुळजापूरचा हा लेखक. शिवणकाम स्वतः केलेला. रेडिमेड कपड्यांच्या लाटेत एका टेलरचं दुकान आणि घर कसं उसवत जातं याची ही छोटी कादंबरी, आणि तिला 2024 चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. आपल्या प्रत्येकाच्या गावात असा एक टेलर आहे, ज्याच्याकडं आपण दिवाळीचे कपडे शिवायचं बंद केलं. मला ‘उसवण’ वाचताना आमच्या गल्लीतल्या मशीनचा आवाज आठवत राहिला. कुठलंही मोटिव्हेशन यात नाही. उलट आहे. तरी वाचा.

पैसे कुठून?

होस्टेलवाल्यांचा खरा प्रश्न हाच, आणि यंदा तर घरून मागायची सोय नाही. तेव्हा फुकटचं आधी. ‘किशोर’ हे बालभारतीचं मासिक 1971 पासून निघतं, त्याचे जुने अंक त्यांच्या साइटवर मोफत वाचायला मिळतात. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर 2015 पासून आहे. त्यावर मराठीत ढीगभर चित्रकथा आहेत, सोप्यापासून अवघड अशा पायऱ्या लावलेल्या. आणि त्या डाउनलोड करून छापायची उघड परवानगी आहे. ट्यूशन एरियात झेरॉक्सची दुकानं किती आहेत ते मोजू नका. आपण वर्षभर दुसऱ्यांच्या नोट्सचे गठ्ठे काढतो, एकदा आठ पानांची गोष्ट रंगीत काढा. तीही कायदेशीर!

विकत घ्यायचंच तर प्रकाशकाला थेट फोन करा, बहुतेक जण पार्सल पाठवतात. ‘साधना’चा बालकुमार दिवाळी अंक दरवर्षी निघतो, पातळ असतो, खिशाला झेपतो. आणि नांदेड असो की लातूर, जिल्हा ग्रंथालय आहेच. हो, खरी लायब्ररी, जिथं पुस्तकं असतात. मी परवा पहिल्यांदा गेले. तिथंही टेबलांवर आपलीच मंडळी स्वतःच्या नोट्स घेऊन बसलेली होती. मुलांच्या विभागाकडं कुणी फिरकत नव्हतं, त्यामुळं निवडायला भरपूर वेळ मिळाला.

भावाचा काल रात्री फोन आला. ‘खारीच्या वाटा’ झालं, आता ते काकूकडं आहे. ‘समशेर’ अर्धं झालंय. “अक्का, शेवटी काय होतंय ते सांगू नको बरं का,” म्हणाला. मी कशाला सांगतेय? मागवलं आणि तसंच त्याला दिलं, मी कुठं वाचलंय अजून. दिवाळीला गेले की त्याच्याकडून मागून घेणार आहे.